हाताने घडवलेल्या क्यूची पारख : किंमत लाकडाची नव्हे, पुराव्याची



कापडाच्या बाजारात एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दोन ताके दिसायला सारखे असतात, पोतही सारखा लागतो, पण एकाचा भाव दुसऱ्याच्या दुप्पट असतो. कारण पहिला कोणत्या मागावर, कोणाच्या हातून निघाला हे सांगता येते आणि दुसऱ्याचे येत नाही. जुन्या हस्तकलेच्या मालात हा फरक दुपटीचा राहत नाही, तो दहापट-वीसपट होतो. या गोष्टीचा अभ्यास करण्यासाठी आज मी आपल्या नेहमीच्या मालापासून दूरची वस्तू निवडली आहे : अमेरिकेत पूल नावाच्या खेळासाठी हाताने घडवलेल्या जुन्या क्यू, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्या.

एका काठीचा अभ्यास कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ही काठी सुताराने घरामागच्या छोट्या कारखान्यात बनवली. त्या काळी ती कामाची वस्तू म्हणून विकली गेली. आज तीच काठी जाणकार लोक हजारो डॉलर मोजून घेतात, आणि तिच्या नावाखाली खोटा मालही तितकाच फिरतो. खरा माल कसा ओळखावा, भाव कसा बांधावा, विकताना काय उघड करावे आणि कारागिराने आपल्या हयातीत कोणती काळजी घ्यावी, या चारही प्रश्नांची उत्तरे या एका वस्तूत मिळतात.

वस्तू काय आहे?

आपल्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकर हे खेळ जास्त माहितीचे आहेत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. मुंबईचे यासीन मर्चंट स्नूकरमध्ये आशियाई विजेते ठरले. पूल हा त्याच घराण्यातला, पण अमेरिकेत वाढलेला खेळ आहे. त्याचे चेंडू मोठे आणि जड, म्हणून त्याची क्यूही वेगळी. स्नूकरची क्यू बहुधा ॲश किंवा मेपल लाकडाची असते आणि तिचे टोक ९ ते १० मिलिमीटर जाडीचे असते. पूलच्या जुन्या क्यूचे टोक साधारण १३ मिलिमीटरचे, लांबी ५७ ते ५८ इंच आणि वजन बहुधा १८ ते २१ औंस, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅम असते.

ही क्यू दोन तुकड्यांत असते. पुढचा निमुळता भाग कठीण मेपलचा. त्याच्या टोकाशी चामड्याची गोल चकती आणि तिच्या खाली पांढरी टोपी असते, तिला फेरूल म्हणतात. मागचा जाड भाग मेपल, आबनूस, शिसम अशा लाकडांचा. दोन्ही भाग मध्ये पेचाने जोडले जातात. जोडाची बाहेरची कडी पोलादाची किंवा जुन्या काळी हस्तिदंताची असे. हाताच्या पकडीवर चामडे किंवा लिननचा धागा गुंडाळलेला असतो.

मागच्या भागावर जे लांब, टोकदार काटे दिसतात ते रंगवलेले नसतात. एका लाकडात खाच पाडून तिच्यात दुसरे लाकूड बसवलेले असते. बहुधा असे चार काटे असतात आणि प्रत्येकाच्या कडेने रंगीत लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. हा सांधा दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात पुढचे आणि मागचे लाकूड एकमेकांत पूर्ण गुंफलेले असते. दुसऱ्या प्रकारात पुढच्या लाकडात खाचा पाडून त्यांत काटे बसवतात. दोन्हींत चारही काटे एका उंचीवर संपणे आणि प्रत्येकाचे टोक सुईसारखे बारीक येणे, इथेच कारागिराची परीक्षा होते. सांधा तयार असलेल्या कच्च्या दांड्याला त्या धंद्यात ‘ब्लँक’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

घडवणारे हात

अमेरिकेतील ब्रन्सविक ही कंपनी १८४५ साली सिनसिनाटी येथे सुरू झाली. जॉन मोझेस ब्रन्सविक हा स्वित्झर्लंडहून आलेला सुतार तिचा संस्थापक होता. पुढे बिलियर्ड्सची टेबले आणि क्यू यांत तिचे नाव झाले. तिची ‘टायटलिस्ट’ नावाची एकसंध क्यू खेळाच्या जागांतून सर्रास वापरली जाई. तिचा सांधा पूर्ण गुंफलेला आणि मजबूत असे. याच कंपनीत काम करून पुढे शिकागोत स्वतःच्या नावाने क्यू बनवणारा उस्ताद म्हणजे हर्मन रॅम्बो. तो १९६७ साली वारला. विली हॉपी आणि विली मॉस्कोनी यांच्यासारखे मोठे खेळाडू त्याच्या क्यूने खेळत.

पण या धंद्यात सर्वांत मोठे नाव जॉर्ज बालाबुश्का याचे. त्याचा जन्म १९१२ साली रशियन साम्राज्यात झाला आणि १९२४ मध्ये तो आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. पेशाने सुतार. १९५९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्याने भागीदारीत पूलची जागा घेतली आणि क्यू घडवू लागला. पहिल्या काही क्यू त्याने मित्रांना भेट म्हणून दिल्या. मागणी वाढत गेली आणि तोच त्याचा व्यवसाय झाला. डिसेंबर १९७५ मध्ये तो वारला. सोळा-सतरा वर्षांत त्याच्या हातून अंदाजे १,००० ते १,२०० क्यू निघाल्या. एका हाताचे काम एवढेच असते. मागणी कितीही वाढली तरी त्यात आता एकाचीही भर पडणार नाही.

इथे एक बारकावा आहे. बालाबुश्का सगळे लाकूड स्वतः सांधत नसे. सुरुवातीला तो ब्रन्सविकच्या टायटलिस्ट दांड्यांपासून क्यू बनवी. साठच्या दशकाच्या मध्यानंतर शिकागोच्या बर्टन स्पेन याचे ब्लँक त्याने वापरले आणि नंतर पेनसिल्व्हेनियाच्या गस झाम्बोटी याचे. गस झाम्बोटी हा व्यवसायाने चित्रकार होता. पुढे तो स्वतः मोठा क्यू-कारागीर म्हणून मान्यता पावला. १९८८ मध्ये तो वारल्यावर त्याचा मुलगा बॅरी याने काम पुढे चालू ठेवले. म्हणून बालाबुश्काच्या क्यूचा दांडा कोणाचा हे ओळखता आले, तर ती क्यू कोणत्या वर्षांच्या आसपासची हेही कळते. कापडात काठ आणि विणीवरून जाणता माणूस काळ सांगतो, तसेच हे आहे.

नाव एकाचे, माल दुसऱ्याचा

१९८६ साली ‘द कलर ऑफ मनी’ हा चित्रपट आला. त्यात पॉल न्यूमन आणि टॉम क्रूझ होते. कथेत एका तरुण खेळाडूला बालाबुश्काची क्यू भेट मिळते. ज्यांनी कधी क्यू हातात धरली नव्हती त्यांनाही हे नाव पाठ झाले आणि जुन्या क्यूच्या किमतींना जोर आला. गंमत अशी की पडद्यावर दिसणारी क्यू बालाबुश्काची नव्हती. ती जॉस नावाच्या कंपनीने बनवलेली होती. डॅन जेन्स आणि बिल स्ट्राउड यांनी १९६८ मध्ये सुरू केलेली ही कंपनी स्वतः नामवंत होती. पण पडद्यावरची क्यू पाहून “माझ्याकडे अगदी तशीच आहे, म्हणून ती बालाबुश्का आहे” असे कोणी म्हटले, तर तो आपल्याच तोंडाने उलटा पुरावा देत असतो.

दुसरी गोष्ट. बालाबुश्काच्या मृत्यूनंतर त्याचे नाव वापरण्याचा परवाना घेऊन जपानमधील ॲडम या कंपनीने ‘बालाबुश्का’ नावाच्या क्यू तयार केल्या. यात फसवणूक काही नाही. नाव रीतसर घेतले आणि क्यूही चांगल्या होत्या. परंतु त्या कारखान्याच्या क्यू आहेत, ब्रुकलिनच्या उस्तादाच्या हाताच्या नाहीत. दोघींच्या भावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नावाचा ठसा स्पष्ट दिसतो म्हणून नवखा माणूस तीच खरी समजतो. उलट उस्तादाच्या अस्सल क्यूंपैकी अनेकींवर सही किंवा ठसा मुळीच नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. जुनी टायटलिस्ट क्यू आजही मिळते. ती मधून कापून, जोड आणि पकड बसवून दोन तुकड्यांची क्यू करता येते. हे काम उघडपणे केले तर तो सन्मानाचा धंदा आहे. अशा रूपांतरित क्यूला वेगळे गिऱ्हाईक असते. पण बालाबुश्का स्वतःही टायटलिस्टचाच दांडा वापरत होता ना? तेव्हा दांडा जुना आणि अस्सल असूनही वरचे काम परवाचे असू शकते. जुने लाकूड हे जुन्या कामाचा पुरावा होत नाही. असली जर जुन्या साडीची असली, तरी ती नव्या साडीला लावल्यावर साडी जुनी ठरत नाही, तसेच हे.

पारखीच्या सहा कसोट्या

पहिली, कोणाच्या हातची. सहीवर थांबू नये. जोडाचा पेच, कडीची घडण, मागच्या टोकाची टोपी, कड्यांची रचना, पट्ट्यांच्या रंगांचा क्रम ही त्या उस्तादाची खरी सही असते. सही नक्कल करता येते, पण वीस ठिकाणच्या सवयी एकदम नक्कल करणे कठीण. त्या काळच्या पामर कंपनीसारख्या उत्पादकांचे सचित्र कॅटलॉग उपलब्ध आहेत, त्यांच्याशी ताडून पाहावे. १९९४ मध्ये व्हिक्टर स्टाईन आणि पॉल रुबिनो यांचा बिलियर्ड्सवरील ज्ञानकोश निघाला. १९९६ मध्ये ब्रॅड सिम्पसन यांचे क्यूंच्या किमतींचे पुस्तक आले. त्यानंतर या बाजाराला काहीएक शिस्त आली.

दुसरी, मूळचे किती उरले आहे. पुढचे मेपलचे भाग बहुधा दोन दिलेले असत. ते दोन्ही मूळचे आहेत काय? त्यांच्या कड्या मागच्या भागाच्या कडीशी जुळतात काय? वरचे रोगण मूळचे आहे की पुन्हा चढवलेले? पुन्हा रोगण केलेली क्यू नव्यासारखी चमकते आणि अजाण माणसाला तीच जास्त आवडते. जाणकार मात्र तिचा भाव कमी करतो, कारण घासताना कडेचे बारीक काम आणि कधी कधी सहीसुद्धा जाते.

तिसरी, सरळपणा. क्यू सपाट टेबलावर गडगडवून पाहावी, आधी जोडून आणि मग दोन्ही भाग सुटे. सुटे भाग सरळ आणि जोडल्यावर वाकडी, तर दोष जोडात आहे. एक भागच वाकडा, तर लाकूड फिरले आहे. पहिला दोष कधी दुरुस्त होतो, दुसरा बहुधा होत नाही.

चौथी, जाडी. पुढचा भाग वर्षानुवर्षे घासून साफ केला की बारीक होत जातो. मूळ १३ मिलिमीटरचा भाग १२ च्या खाली आला असेल तर लाकूड कायमचे गेले. व्हर्नियरने मोजावे, बोटाच्या अंदाजावर जाऊ नये.

पाचवी, भेगा आणि डिंकाच्या रेषा. भिंगाने काट्यांची टोके, पट्ट्यांच्या कडा, फेरूल आणि जोडाची कडी पाहावी. हस्तिदंत कोरड्या हवेत तडकते. लाकडाला दमट हवेचा त्रास होतो. मोटारीच्या डिकीत किंवा माळ्यावर ठेवलेल्या क्यूचे हाल ठरलेलेच.

सहावी, पकडीचा धागा. कापडवाल्याच्या आवडीची ही कसोटी आहे. चांगल्या क्यूवर आयरिश लिनन, म्हणजे जवसाच्या जातीच्या झाडाच्या तंतूचा पीळदार धागा, ताण देऊन वळशाला वळसा लावून गुंडाळलेला असतो. नायलॉन येण्यापूर्वी मासेमारीच्या दोऱ्या याच धाग्याच्या होत. लिनन घाम शोषते आणि सुताइतके ताणले जात नाही, म्हणून पकड सैल पडत नाही. हा धागा झिजतो आणि बदलला जातो. बदललेल्या धाग्याने भाव फार पडत नाही. पण धागा मूळचा असून शाबूत असेल, तर तो काढून नवा बसवणे म्हणजे पैसे खर्चून किंमत घालवणे होय.

भाव कसा बांधावा?

पहिला नियम : मागितलेला भाव हा भाव नव्हे. दुकानात टांगलेली चिठ्ठी विक्रेत्याची इच्छा सांगते. प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम बाजार सांगते. म्हणून त्याच कारागिराच्या, त्याच काळातल्या, तितक्याच कामाच्या क्यू अलीकडे कितीला गेल्या याची निदान तीन उदाहरणे मिळवावीत. बालाबुश्काची अस्सल क्यू दहा-वीस हजार डॉलरला जाते आणि उत्तम नमुन्याला त्याहून बरेच जास्त मिळतात. पण ही माहिती एखाद्या विशिष्ट क्यूचा भाव ठरवायला पुरत नाही.

पद्धत कळावी म्हणून आकडे मानू या. समजा, सारख्या क्यूंचा सरासरी विक्रीभाव १०,००० डॉलर निघाला. आपल्या समोरच्या क्यूचे रोगण पुन्हा केलेले आहे, त्याचे १,५०० वजा. पुढच्या दोन भागांपैकी एक मूळचा नाही, त्याचे १,००० वजा. उरले ७,५००. हा शेवटच्या गिऱ्हाइकाचा भाव झाला. विक्री दलालामार्फत करायची आणि दलाली शेकडा १५ धरली तर १,१२५ गेले. विमा, बांधणी, टपाल यांचे १७५ धरा. हाती ६,२०० आले. खरेदीवर शेकडा २० नफा हवा असेल, तर खरेदीची शेवटची मर्यादा ५,१६६ डॉलर होते. विक्रेता ६,००० म्हणत असेल तर हसतमुखाने सलाम करून निघावे. भाव हा खरेदीच्या दिवशी बांधला जातो, विक्रीच्या दिवशी नाही.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. भेग, रोगण, धागा या दोषांची वजावट करता येते. पण “ही खरोखर त्याच उस्तादाची आहे काय?” या शंकेची वजावट होत नाही. शंका आली की वस्तूच बदलते. मग तिचा भाव बालाबुश्काच्या भावातून शेकडा १० कमी असा धरायचा नाही, तर एका अनामिक रूपांतरित टायटलिस्टचा भाव म्हणून पायापासून मोजायचा. “खरी निघाली तर नशीब उघडेल” या हिशोबाने जो जास्त पैसे देतो, तो व्यापार करत नाही, पैज लावतो.

तिसरा नियम, कागद. मूळ पावती, कारागिराचे पत्र, पहिल्या मालकाचे जुने छायाचित्र, नंतर कोणी कोणास विकली त्याची साखळी, हे सर्व क्यूबरोबर राहिले पाहिजे. ज्या क्यूची साखळी तुटलेली नाही तिला जाणकार जास्त पैसे देतो, कारण तो लाकडाबरोबर निश्चिंतीही विकत घेत असतो.

कायद्याची बाजू

जुन्या क्यूत हस्तिदंत सर्रास आढळते आणि इथे भल्याभल्यांचे पैसे अडकले आहेत. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. अमेरिकेत २०१६ पासून केंद्रीय नियमांनी आफ्रिकी हस्तिदंताची विक्री जवळपास बंद केली. न्यूयॉर्क, न्यूजर्सी, कॅलिफोर्निया या राज्यांचे स्वतःचे कडक कायदे आहेत. म्हणजे पूर्वी जो हस्तिदंती जोड भाव वाढवत होता तोच आता गिऱ्हाईक कमी करतो. परदेशातील नातेवाइकाने हौसेने अशी क्यू सामानात घालून आणली, तर माल जप्त होऊन वर खटला उभा राहू शकतो.

शिसमाचेही नियम आहेत. ब्राझीलचे शिसम १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार व्यापारबंदीच्या यादीत आहे. २०१७ पासून त्या कुळातील सर्वच जातींवर परवान्याचे बंधन आले आणि त्यात आपले शिसवही आले. नंतर तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सवलती मिळाल्या. लाकडी माल निर्यात करणाऱ्या आपल्या बांधवांनी चालू नियम निर्यात कार्यालयातून लेखी विचारूनच माल पाठवावा.

शरीअतची चौकट

आता आपल्या दृष्टीने मूळ मुद्दा. पूलच्या जागा अमेरिकेत पैजांसाठी बदनाम होत्या. जुगाराविषयी कुरआनचा आदेश स्पष्ट आहे, सूरह अल-माइदामध्ये तो आलेला आहे आणि त्याला पळवाट नाही. म्हणून खेळावर पैसे लावणे, पैज लावणाऱ्याला त्या कामासाठी माल पुरवणे, यांपासून दूर राहावे. हस्तकलेची वस्तू म्हणून क्यूची खरेदी-विक्री हा निराळा प्रश्न आहे. त्यात कोणाला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारून पाऊल टाकावे.

विक्रीत ऐब लपवू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओले वर ठेव म्हणजे लोकांना दिसेल असे त्यांनी विक्रेत्याला बजावले आणि फसवणाऱ्याला आपल्यापासून वेगळे ठरवले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पुन्हा केलेले रोगण हे वरचे कोरडे धान्य आहे. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजे. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफ्याचे कापड व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात येते की, दोष असलेले एक कापड भागीदाराने दोष न सांगता विकले आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम खैरात केली. आपल्या धंद्याचा वारसा हा आहे.

लिलावाबाबत एक सूचना. जुना माल बरेचदा लिलावात विकला जातो. घेण्याचा इरादा नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला ‘नजश’ म्हणतात आणि हदीसमध्ये त्याची मनाई आली आहे. आपल्या मालावर आपल्याच माणसाकरवी बोली लावून घेणे हा त्यातलाच प्रकार आहे. त्यातून बनलेला भाव खोटा असतो, आणि पुढचा खरेदीदार त्याच खोट्या भावाला उदाहरण समजून हिशोब करतो. एका माणसाच्या लबाडीने साऱ्या बाजाराचे माप बिघडते.

जकातीचा हिशोबही स्पष्ट ठेवावा. स्वतःच्या वापरासाठी ठेवलेल्या वस्तूवर जकात नाही. विकण्याच्या इराद्याने घेतलेला माल हा तिजारतीचा माल आहे. निसाब पूर्ण होत असेल तर चांद्रवर्ष पुरे झाल्यावर त्या दिवशीच्या बाजारभावाने त्यावर शेकडा अडीच जकात निघते. कपाटातला माल ‘हौसेचा’ की ‘विक्रीचा’ हे वहीत खरेदीच्या दिवशीच लिहावे. जकातीच्या महिन्यात नियत बदलू नये.

आपल्या कारागिरांसाठी

आता या काठीवरून नजर काढून आपल्या हातांकडे पाहू या. मिरजेत सतार आणि तंबोरा बनवणारी घराणी पिढ्यान्पिढ्या काम करत आहेत. त्यांचे पूर्वज हत्यारे घडवणारे शिकलगार होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही मोठी गोष्ट आहे. आता ‘मिरजेचा’ म्हणून खोटा माल विकणाऱ्याला कायद्याने अडवता येते. पण मानांकन गावाचे नाव राखते. कोणत्या उस्तादाने, कोणत्या साली, कोणत्या लाकडाची सतार घडवली, हे ते सांगत नाही. ते सांगणे कारागिराच्याच हातात आहे.

बालाबुश्काने प्रत्येक क्यूवर क्रमांक टाकून एक वही ठेवली असती, तर आज जाणकारांचे अर्धे वाद संपले असते आणि खोट्या मालाचा अर्धा बाजार बसला असता. म्हणून सतार असो, पैठणी असो, हिमरू शाल असो, कोरीव दरवाजा असो, कुलूप असो, चार गोष्टी आजपासून कराव्यात :

१. प्रत्येक उत्तम नगावर न पुसणारी खूण, क्रमांक आणि साल टाकावे. खूण अशा जागी असावी की ती काढताना वस्तूलाच इजा होईल.

२. एक पक्की वही ठेवावी. क्रमांक, तारीख, माल कोणता वापरला, कोणत्या शागिर्दाने कोणते काम केले, कोणाला विकला. छायाचित्र चिकटवावे. आता मोबाइलवर चित्र फुकट निघते, तरी वही कागदाचीच असावी.

३. तयार भाग दुसऱ्याकडून घेतला असेल तर तसे लिहावे. बालाबुश्काने दुसऱ्याचे ब्लँक वापरले म्हणून त्याचा मान कमी झाला नाही. उलट ज्यांचे ब्लँक होते त्यांचाही मान वाढला. शागिर्दाचे नाव लिहिल्याने उस्ताद लहान होत नाही.

४. दुरुस्तीला आलेल्या जुन्या वस्तूचे मूळ काम शक्य तितके राखावे. काय बदलले ते गिऱ्हाइकाला लेखी द्यावे आणि काढलेला तुकडा त्याच्या स्वाधीन करावा.

या कामाला भांडवल लागत नाही, एक वही आणि रोजची दहा मिनिटे लागतात. आपल्यातले कितीतरी उस्ताद आयुष्यभर उत्तम माल करून गेले आणि त्यांचा माल आज दलालाच्या नावाने विकला जातो. त्यांच्या मुलांना त्यातले काही मिळत नाही, कारण हा हात अमक्याचा आहे हे सिद्ध करणारा कागदाचा तुकडा मागे राहिला नाही. हुनर अल्लाहने दिलेली अमानत आहे. ती हातात आहे तोवर रोजी देते, आणि तिची नोंद ठेवली तर मुलाबाळांनाही देते.

अल्लाह आपल्या व्यापारात सचोटी आणि बरकत देवो. आमीन.